पुस्तक हाती देताना

"फादर, मुलांना सुट्टीत वाचायला काय द्यावे?" हा प्रश्न धर्मगुरूला वरचेवर विचारला जातो. मूल आठ-नऊ वर्षांचे असेल तर उत्तर कठीण नसते. इसापच्या गोष्टी आहेत, संतांची चरित्रे आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. प्रौढ माणसाने विचारले तरी फारशी अडचण येत नाही, कारण त्याची निवड त्याने करावयाची असते आणि तिची जबाबदारीही त्याचीच असते. खरी अडचण येते ती तेरा ते अठरा या वयात. या वयाचा मुलगा बालसाहित्याचे कपाट ओलांडून पुढे गेलेला असतो आणि मोठ्यांच्या कपाटाचे दार त्याला खुणावत असते. आवाज फुटत असतो, शरीर बदलत असते, घरातल्या श्रद्धांविषयी पहिले प्रश्न याच काळात उठतात आणि नेमके याच काळात तो घरच्यांशी बोलणे कमी करतो. अशा मुलाच्या किंवा मुलीच्या हाती कोणती कादंबरी द्यावी, आणि ती देताना देणाऱ्याने कशाची जबाबदारी पत्करलेली असते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. पुस्तकविक्रेता पुस्तक विकतो तेव्हा त्याने वाचणाऱ्याच्या अंतःकरणाची हमी घेतलेली नसते. पण आई, वडील, शिक्षिका किंवा धर्मगुरू जेव्हा म्हणतो, "हे वाच, तुला आवडेल," तेव्हा त्याने आपला शब्द त्या पुस्तकामागे उभा केलेला असतो. मूल त्या पुस्तकाकडे त्या माणसाच्या विश्वासावर वळते. पुढे त्या पुस्तकाने त्याचे भले केले काय किंवा त्याला गोंधळात टाकले काय, देणाऱ्याचा त्यात वाटा राहतोच.

एका पालकांनी मला जरा रागानेच विचारले होते, "ज्या पुस्तकातली मुलगी देवळात जायला कंटाळते, आईशी खोटे बोलते, ते पुस्तक तुम्ही आमच्या मुलांना कसे सुचवता?" त्यांचा राग मला अनाठायी वाटला नाही. त्यामागे आपल्या मुलीविषयीची काळजी होती. तेव्हा त्या प्रश्नाला वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही.

बंदी आणि तिने मागे ठेवलेली पोकळी

प्रभू येशूने लहानांना अडखळण होणाऱ्यांविषयी काढलेले उद्गार शुभवर्तमानातील अतिशय कठोर उद्गारांपैकी आहेत. गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात लोटले जाणे त्या माणसाला बरे, असे प्रभू म्हणतो. आपण समुद्राकाठची माणसे. रेवदंड्याच्या खाडीत बुडालेली वस्तू कोठे जाते हे आपल्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे "वाचू द्या हो, पुस्तकाने कोणी बिघडत नाही," असे सहज म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. पुस्तक माणसाला घडवू शकते असे म्हणायचे आणि ते त्याला बिघडवू शकत नाही असेही म्हणायचे, हे एकाच दमात शक्य नाही.

याच भीतीपोटी ख्रिस्तसभेने शतकानुशतके एक उपाय केला. पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत, १५५९ साली, रोमने निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या पुढे चारशे वर्षे निघत राहिल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १४ जून १९६६ रोजीच्या निवेदनाने, या सूचीला कायद्याचे बळ उरले नाही असे जाहीर झाले. मात्र त्या निवेदनातली एक गोष्ट आपण सहसा विसरतो. कायद्याचे बंधन गेले तरी श्रद्धेला आणि नीतीला घातक असलेल्या लिखाणापासून स्वतःला जपण्याचे नैतिक बंधन कायम आहे, असेही त्यात बजावलेले आहे. म्हणजे ओझे नाहीसे झाले नाही, ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आले. पूर्वी रोममधील अधिकारी ठरवीत असत. आता घरातल्या आईला, वर्गातल्या शिक्षकाला, धर्मग्रामातल्या धर्मगुरूला आणि हळूहळू त्या मुलालाही आपल्या सदसद्विवेकबुद्धीने ठरवावे लागते. हे काम सूची वाचण्याहून कितीतरी अवघड आहे.

बंदीने काय साधते आणि काय साधत नाही, याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्या काळी नवख्रिस्ती लोकांकडून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्या सक्तीचे समर्थन आज कोणी विचारी ख्रिस्ती माणूस करणार नाही. पण फादर स्टीफन्स यांनी आपल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच त्या पोकळीची जी नोंद करून ठेवली आहे ती मोलाची आहे. त्यात एक नवख्रिस्ती ब्राह्मण धर्मगुरूंना विचारतो की आमची पुराणे तुम्ही मना केलीत, तर मग तशीच दुसरी पुराणे तुम्ही आमच्यासाठी का रचीत नाही? हा प्रश्न फादरांनी दडपला नाही. त्याच्या उत्तरादाखल त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला आणि तो १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. माणसाच्या हातून कथा काढून घेतली की त्याचे मन रिकामे राहत नाही, ते दुसरी कथा मागते, हे त्या परदेशी धर्मगुरूने ओळखले होते.

आपल्या कुमारवयीन मुलांचे याहून वेगळे नाही. त्यांच्या हातून कादंबरी काढून घेतली म्हणून ती संतचरित्राकडे वळतील असे समजणे भाबडेपणाचे आहे. आज मुलांच्या हाती मोबाइल आहे आणि प्रेम, शरीर, हिंसा, श्रद्धा, अश्रद्धा या सर्व विषयांवरच्या कथा त्यावर कोणाच्याही शिफारशीवाचून चोवीस तास वाहत असतात. तेव्हा मुलाने या विषयांना सामोरे जावे की जाऊ नये, हा प्रश्न आता आपल्या हाती उरलेला नाही. ते एकट्याने सामोरे जावे की कोणाच्या सोबतीने, एवढाच प्रश्न आपल्या हाती आहे.

ओवीच्या वाटेने

फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा गद्यात न सांगता ओवीत का सांगितली? कारण ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांच्या कानांना कथा ओवीतच ठाऊक होती. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरही कथा फार पूर्वीपासून छंदाच्या अंगानेच चालत आली आहे. जात्यावर बसलेल्या बाईने आपले सासर-माहेर ओवीत सांगितले. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवळे गाते. अलिबागजवळच्या नवगाव येथे ज्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी परंपरा सांगतात, त्या बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथा मराठी कीर्तनात आणल्या आणि गाऊन सांगितल्या. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' रचावयास घेतले. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरे होते. शाळेचे रीतसर शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते नेटाने पूर्ण केले.

हे सांगण्याचे कारण असे की इंग्रजीत गेल्या तीस वर्षांत कुमारवयीन वाचकांसाठी पद्यात लिहिलेल्या कादंबऱ्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या आहेत, आणि आपल्या इंग्रजी माध्यमातील मुलांच्या शालेय ग्रंथालयांत त्यांतल्या काही दिसू लागल्या आहेत. "ही कसली कादंबरी? अर्धे पान कोरेच!" असे एखादे वडील म्हणतात. प्रकार नवा दिसला तरी रीत नवी नाही. यमक नसते, वृत्त नसते. छोट्या छोट्या मुक्त कवितांतून, एकेका पानावर एकेक प्रसंग उलगडत, एक सबंध कथा सांगितली जाते.

या वयाला हा प्रकार मानवतो, त्याला कारणे आहेत. जाड पुस्तकाला बिचकणारे मूल दहा ओळींच्या पानाला बिचकत नाही, हे तर झालेच. पण त्याहून महत्त्वाचे कारण त्या कोऱ्या जागेत आहे. चौदा वर्षांच्या मुलीला जे वाटते ते सगळे तिला सांगता येत नाही. ती दोन वाक्ये बोलते आणि गप्प होते. पद्यकथेतील मुलगीही दोन ओळी बोलते आणि गप्प होते. ते मौन वाचणारीला ओळखीचे वाटते आणि त्या कोऱ्या जागेत ती आपले न बोललेले ठेवून देते. प्रार्थनेचा ज्यांना सराव आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. स्तोत्रसंहितेतील विलापही असेच थांबत थांबत बोलतात.

दोन उदाहरणे देतो. कॅरन हेस यांची 'आउट ऑफ द डस्ट' ही पद्यकादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९८ साली तिला अमेरिकेतील बालकुमार साहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. काळ १९३४-३५ चा. ओक्लाहोमात पाऊस नाही, शेतातली माती वादळ होऊन घरात शिरते आहे. चौदा वर्षांची बिली जो पियानो वाजवते. एके दिवशी वडिलांनी चुलीजवळ ठेवलेली रॉकेलची बादली आई पाणी समजून वापरते आणि भडका उडतो. आई वडिलांना बोलवायला बाहेर धावते. घर वाचावे म्हणून बिली जो ती पेटती बादली बाहेर भिरकावते आणि ती नेमकी परत येणाऱ्या आईच्या अंगावर पडते. पोटुशी आई पुढे दगावते, बाळही जगत नाही, आणि बिली जोचे पियानो वाजवणारे हात होरपळून निघतात. शेजारणी कुजबुजतात, बोट मुलीकडे दाखवतात. वडील आणि मुलगी एका घरात राहून एकमेकांशी बोलेनासे होतात. मुलगी घर सोडून जाते आणि शेवटी परत येते. वडिलांना क्षमा केल्यावाचून आणि स्वतःलाही क्षमा केल्यावाचून आपल्याला जगता येणार नाही, हे तिला उमगलेले असते.

या पुस्तकात जळणे आहे, मृत्यू आहे, संकटात दारूकडे वळलेला बाप आहे. पण स्टोव्हच्या भडक्याने माणूस गेलेली घरे आपल्या गावांतही झाली आहेत, आणि बोट कोणाकडे दाखवायचे याची कुजबुज आपल्या गल्ल्यांतही ऐकू येते. प्रायश्चित्त संस्काराची तयारी करून घेताना आपण मुलांना क्षमेची व्याख्या शिकवतो. ती आवश्यकच आहे. परंतु ज्या अपराधात नेमका दोष कोणाचा हेच ठरवता येत नाही तेथे क्षमा म्हणजे काय, हे व्याख्येतून कळत नाही. ते बिली जोच्या हातांकडे पाहून कळते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलेला प्रश्नही असाच दोष शोधणारा होता, आणि प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि उपरोल्लेखित पालकांचा राग याच पुस्तकावर होता. एलिझाबेथ असेव्हेदो यांची 'द पोएट एक्स' ही पद्यकादंबरी २०१८ साली आली आणि त्याच वर्षी तिला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारी पंधरा वर्षांची सिओमारा ही डोमिनिकन कॅथलिक कुटुंबातील मुलगी. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. आईला तरुणपणी धर्मभगिनी व्हायचे होते, ते झाले नाही; आता मुलीचा दृढीकरण संस्कार व्हावा हा तिचा ध्यास. मुलगी मात्र प्रश्नांनी भरलेली. रस्त्यावरच्या पुरुषी नजरांनी ती हैराण होते आणि घरी त्याबद्दल तिलाच दोष मिळतो. ती वहीत कविता लिहिते, दृढीकरणाचा वर्ग चुकवून शाळेतल्या कवितामंडळात जाते, एका मुलावर प्रेम करते. आईला कळते तेव्हा ती मुलीला पवित्र मरियेपुढे तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावते. पुढे ती वही आईच्या हाती लागते आणि आई ती जाळून टाकते.

हे वाचताना कोणाही श्रद्धावान आईला यातना होतील. पुस्तक श्रद्धेविरुद्ध आहे असेही वाटेल. पण पुस्तक शेवटपर्यंत वाचले पाहिजे. या कथेत एक धर्मगुरू आहेत, फादर शॉन. मुलगी मनापासून पश्चात्ताप करते आहे की आईला खूश करण्यासाठी बोलते आहे, हे त्यांना पापनिवेदनात कळते. ते तिचे गुपित राखतात. आईला एवढेच सांगतात की मुलीच्या मनात प्रश्न आहेत, दृढीकरणासाठी ती अजून तयार नाही, घाई करू नये. वही जळल्यानंतर मुलगी मदतीसाठी ज्यांच्याकडे वळते त्यांत हे धर्मगुरूही आहेत, आणि माय-लेकींना समोरासमोर बसवून पुन्हा बोलते करतात तेही तेच.

मी हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा माझ्या मनात प्रश्न उभा राहिला तो मुलीविषयी नव्हता. दृढीकरणाच्या वर्गात उभ्या असलेल्या किती मुलामुलींनी आपले खरे प्रश्न आमच्यापर्यंत कधी आणलेच नसतील? आपली मुले श्रद्धेपासून दूर जातात ती बहुधा भांडून जात नाहीत. संस्कार होतो, छायाचित्रे निघतात, जेवण होते, आणि पुढच्या वर्षीपासून बाकावरची त्यांची जागा रिकामी दिसू लागते. कोणी काही विचारलेले नसते, कोणी काही सांगितलेले नसते. सिओमारा निदान विचारते. तिच्यासारखे पुस्तक वाचून आपली एखादी मुलगी आईजवळ येऊन म्हणाली, "मम्मी, मलासुद्धा कधी कधी असे वाटते," तर त्या पुस्तकाने तिला देवळाबाहेर नेले असे म्हणायचे, की दाराशी थांबवून धरले असे?

आपल्या भाषेतील सोबती

मराठीत असे सोबती नाहीत असे नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आपण मुलांना डोळे मिटून देतो, कारण ती निर्मळ आहे अशी आपली खात्री असते. ती निर्मळ आहेच. पण तिच्यातला श्याम निर्दोष नाही. तो पुस्तकांच्या लोभाने पैसे चोरतो, हट्ट करतो, घाबरून लपून बसतो. त्याच्या पोहण्याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या कोणाही वाचकाला जवळची वाटावी. पाण्याच्या भीतीने लपलेल्या मुलाला आई बाहेर काढते, फटके देते आणि विहिरीकडे पाठवते. आईला मुलगा नकोसा झाला होता म्हणून का? पाण्यापासून दूर ठेवलेला मुलगा सुरक्षित होत नाही, तो केवळ न पोहणारा राहतो, हे तिला कळत होते. विहिरीवर जाणती माणसे होती, म्हणूनच तिने त्याला पाठवले. पुस्तकांविषयी मला जे म्हणायचे आहे ते या गोष्टीत जवळजवळ सगळे आले आहे. फटक्यांचा भाग तेवढा वगळावा!

प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास' हा कथासंग्रह १९९४ साली आला. बेळगाव परिसरातल्या मराठी-कानडी बोलीत वाढणारा लंपन आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो. या कथांत मोठे पाप नाही, मोठा धक्का नाही. एका मुलाचे एकटेपण आहे आणि ते न सांगता सांगितलेले आहे. तेराव्या वर्षी वाचायला याहून चांगले थोडेच सापडेल. घरी एक बोली, शाळेत आणि उपासनेत मराठी अशा वातावरणात वाढणाऱ्या आपल्या कोर्लईच्या मुलांना तर लंपनची भाषिक ओढाताण चटकन कळेल.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ सालची. काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी. शिरोडकर नावाच्या वर्गातल्या मुलीवर तो जीव जडवतो. मुलांच्या तोंडी शिव्या आहेत, आणि म्हणूनच काही घरांत हे पुस्तक वर्ज्य ठरते. मुले शिव्या या पुस्तकातून शिकतात असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा फुटबॉलच्या मैदानाजवळून जावे. माझे लक्ष मात्र या कादंबरीतल्या नरुमामाकडे जाते. मुकुंदाला आई-वडिलांशी जे बोलता येत नाही ते तो या मामाशी बोलू शकतो. मामा उपदेश करीत नाही, हसतो, ऐकतो, आपल्यापरीने सांगतो. प्रत्येक मुलाला असा एक नरुमामा हवा. आपल्या ख्रिस्ती परंपरेत त्यासाठी धर्मपिता आणि धर्ममाता नेमलेली असतात. बाप्तिस्म्याच्या दिवशी सोन्याची साखळी देऊन ते नाते संपत नाही.

देणाऱ्याचे कर्तव्य

तर मग कोणतेही पुस्तक कोणालाही द्यावे काय? नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले आहे की जे ग्रहण केले जाते ते ग्रहण करणाऱ्याच्या कुवतीनुसार ग्रहण केले जाते. सोळा वर्षांच्या मुलीला 'द पोएट एक्स' देता येईल, अकरा वर्षांच्या मुलीला देऊ नये. एकाच घरातल्या दोन भावंडांनाही एकच पुस्तक एकाच वयात मानवेल असे नाही. शिवाय काही पुस्तके कोणत्याही कुमारवयीन वाचकाच्या हाती मी आपण होऊन देणार नाही. क्रौर्य गंमत म्हणून चघळायला लावणारी, माणसाच्या शरीराला विकाऊ वस्तू समजणारी, आणि निराशा हेच शहाणपण असे शिकवणारी पुस्तके त्यांत येतात. पाप दाखवणारे पुस्तक आणि पापाला गोड करून सांगणारे पुस्तक यांत फरक आहे. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने त्याचे पाप कसे दाखवले? मेंढीच्या एका पिलाची गोष्ट सांगून. सरळ आरोप केला असता तर राजाने कदाचित कान बंद केले असते. गोष्टीने ते उघडले.

हा फरक ओळखायची कसोटी संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात सापडते. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत जखमी होऊन ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या वाचायला मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून त्यांना ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे देण्यात आली. पडल्या पडल्या ते कधी सरदारी पराक्रमांची स्वप्ने पाहत, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना गोडच वाटत. पण पहिली ओसरली की मन कोरडे पडे आणि दुसरी ओसरली तरी आनंद मागे राही. हा फरक त्यांनी स्वतः टिपला आणि त्यातून पुढे त्यांची विवेकसाधना उभी राहिली. आपल्या मुलांना आपण हीच कसोटी शिकवू शकतो. पुस्तक वाचताना किती मजा आली हे विचारण्याबरोबर, ते मिटल्यावर मन कसे झाले हेही विचारावे. माणसांविषयी अधिक कणव वाटली की तुच्छता? ही कसोटी मुलाच्या हाती आली की सूची करणाऱ्याचे काम बरेचसे संपते.

पण त्यासाठी देणाऱ्यावर तीन बंधने येतात. पहिले, जे पुस्तक आपण स्वतः वाचले नाही ते दुसऱ्याच्या मुलाला सुचवू नये. दुसरे, पुस्तक दिल्यावर तेथून निघून जाऊ नये. मुलाला जेव्हा बोलावेसे वाटेल तेव्हा आपण सापडले पाहिजे, आणि त्याला बोलावेसे वाटले नाही तर उलटतपासणी करू नये. तिसरे, त्याने विश्वासाने जे सांगितले ते गावभर करू नये. सिओमाराची जळलेली वही या तिसऱ्या बंधनाची आठवण देते.

येथे काही पालक अडचण मांडतील: "फादर, आम्ही मराठी शाळेत शिकलो. मुलांची इंग्रजी पुस्तके आम्ही कशी वाचणार?" अडचण खरी आहे, पण तीतच एक संधी आहे. मुलीला म्हणावे, "मला यातले एक पान आपल्या भाषेत सांग." पद्यकथेचे पान दहा-पंधरा ओळींचे असते. मासळी साफ करता करताही ते ऐकता येते. इंग्रजीतली एक ओळ घरच्या बोलीत आणताना मुलगी तिचा अर्थ दुप्पट समजून घेईल, आणि आईला मुलीच्या मनाची एक खिडकी उघडी सापडेल. ज्या घरात आई मुलीकडून ऐकून घेते त्या घरात मुलगी आईकडून ऐकून घेण्याचा संभव वाढतो.

पोप फ्रान्सिस यांनी आपल्या निधनाच्या आदल्या वर्षी, १७ जुलै २०२४ रोजी, साहित्यवाचनाच्या महत्त्वावर एक पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या घडणीविषयी लिहिणार होते, पण मग त्यांनी ते सर्व ख्रिस्ती लोकांसाठी लिहिले. त्यात त्यांनी आपला एक अनुभव दिला आहे. १९६४-६५ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचे असताना, ते अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघीयांच्या शाळेत साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने स्पॅनिश वीरकाव्य होते. मुलांना ते नको होते, त्यांना आधुनिक कवी गार्सिया लॉर्का हवा होता. तरुण शिक्षकाने ठरवले की 'एल सिद' मुलांनी घरी वाचावे, वर्गात आपण त्यांच्या आवडीच्या लेखकांवर बोलू. हळूहळू मुलांना साहित्याची आणि कवितेची गोडी लागली. कर्तव्य म्हणून लादलेल्या वाचनातून काही निष्पन्न होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. लक्षात घ्या, त्यांनी 'एल सिद' सोडून दिले नाही आणि लॉर्काला दाराबाहेरही ठेवले नाही. त्यांनी मुलांसोबत बसायचे ठरवले.

त्या पालकांना मी हेच सांगितले. त्यांनी मान हलवली, पण ते पूर्णपणे पटले असे म्हणवत नाही. "आधी मी वाचीन, मग ठरवीन," असे म्हणून ते पुस्तक घेऊन गेले. मला ते उत्तर समाधानाचे वाटले. आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक आहेत, असे व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, ते पेलण्याची हीच रीत आहे. आपल्या घराघरांत संध्याकाळी रोझरी म्हटली जाते. ती झाल्यावर टीव्ही लावण्यापूर्वी दहा मिनिटे कोणीतरी एक पान मोठ्याने वाचावे. कधी 'ख्रिस्तायना'तले, कधी 'वनवासा'तले, कधी मुलांनी आणलेल्या पुस्तकातले. लहानांनी ऐकावे, मोठ्यांनी ऐकावे, आजीने मध्येच आपली एखादी ओवी घालावी. ज्या मुलाला घरात असे ऐकायला मिळाले ते पुढे कोणतेही पुस्तक उघडील तेव्हा एकटे नसेल.